मस्तानी शिवून मिळेल

लग्नसराईच्या दिवसांत मंचर, नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या बाजारपेठेतून चालत गेले, तर ब्लाउज शिवणाऱ्या आणि लग्नाचा बस्ता विकणाऱ्या दुकानांच्या दाराशी एक पाटी टांगलेली दिसते. पेशवाई, ब्राह्मणी, शाही मस्तानी, राजलक्ष्मी, लावणी, कोळी. खाली बारीक अक्षरांत 'शिवून मिळेल' आणि 'भाड्यानेही मिळेल'. परक्या माणसाला ही एखाद्या इतिहासाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका वाटावी. प्रत्यक्षात ही आहे नऊवारी साडीच्या प्रकारांची यादी. पायजम्यासारखे पाय आत घालायचे, कमरेला नाडी ओढायची, पदर खांद्यावर टाकून पिन लावायची, चापाची नथ नाकाला चिकटवायची आणि चंद्रकोर लावायची, की पाच मिनिटांत मुलगी अठराव्या शतकात. यादीत सगळे आहे. नाही ते फक्त एक नाव, ज्या नावाने या भागातल्या बायकांनी हे वस्त्र पिढ्यान्पिढ्या ओळखले. ते म्हणजे लुगडे.

या प्रकाराला हसणारे पुष्कळ आहेत. आमच्यातलेच काही शहाणे मंगल कार्यालयाच्या खुर्चीत बसून 'हे काय सोंग?' असे म्हणतात, आणि म्हणता म्हणता स्वतःच्या डोक्यावरचा तयार बांधलेला, टोपीसारखा घालता येणारा फेटा सरळ करतात. मला हसू येत नाही. पण या पाटीवरच्या नावांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे असे मात्र वाटते. कारण कपड्याला इतिहासाचे नाव देताना आपण कोणाचा इतिहास निवडला आणि कोणाचा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला, हे त्या पाटीइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे लिहिलेले सापडत नाही.

आणि हे वेड काही एकट्या मराठी माणसाचे नव्हे. आजीचे, पणजीचे, किंवा पणजीचे असावे असे वाटणारे कपडे घालून समारंभात मिरवण्याची हौस जगात सगळीकडे आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्ये राजवाड्यात एक नृत्यसमारंभ भरवला आणि स्वतः पाचशे वर्षांपूर्वीच्या फिलिपा राणीचा वेश करून त्यात उतरली. तिच्या पणतवाने, म्हणजे सहाव्या जॉर्जने, नॉर्मन हार्टनेल या शिंप्याला राजवाड्यातली विंटरहाल्टरची जुनी तैलचित्रे दाखवली आणि राणीचे कपडे या वळणाचे हवेत असे सुचवले. १९३८ च्या पॅरिस भेटीत राणीने जे पांढरेशुभ्र, घेरदार झगे घातले ते या चित्रांतून आलेले होते. पॅरिसमध्ये झां लान्व्हाँ या बाईने तर १९२० च्या दशकातच, सगळ्या बायका आखूड आणि सरळ कपडे घालत असताना, अठराव्या शतकातल्यासारखे कमरेशी फुगलेले झगे शिवून विकायला सुरुवात केली होती. पुढे १९३९ मध्ये 'गॉन विथ द विंड' आला आणि अमेरिकेतल्या मुलींना यादवी युद्धाच्या काळातल्या घेराची स्वप्ने पडू लागली. महायुद्ध संपून दोन वर्षे होतात न होतात, तोच १९४७ मध्ये क्रिस्तियाँ दिओरने बारीक कंबर आणि वारेमाप घेर पुन्हा आणला. युद्धात कापड मोजून मिळत होते. तेव्हा वारेमाप कापड हेच सुख होते.

या सगळ्यांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एकच. हार्टनेलने जुना कपडा पाहून कपडा शिवला नाही. त्याने चित्र पाहून शिवला. विंटरहाल्टर हा राजघराण्यांना जसे दिसायला आवडेल तसे रंगवणारा चित्रकार. म्हणजे मूळच्या खुशामतीवरून पुढची हौस उभी राहिली. इतिहासातून जे कपडे परत येतात ते सहसा असेच, कोणाच्या तरी चित्रातून, नाटकातून किंवा पडद्यावरून येतात. आपल्याकडेही दुसरे काही झालेले नाही.

आपली चित्रे कोणती? पहिले अर्थातच राजा रविवर्म्याचे. केरळच्या या चित्रकाराने पुराणातल्या कितीतरी नायिकांना मराठी पद्धतीची नऊवारी नेसवली. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला, आणि तेथून निघालेली चित्रे देवघरापासून किराणा मालाच्या दुकानापर्यंत सगळीकडे लागली. विदर्भाची दमयंती काय नेसत होती ते कोणाला ठाऊक नाही. पण तिने जरीकाठी साडी नेसली असणार अशी खात्री आपल्या आज्यांना होती, आणि ती त्या चित्रांनी दिली.

दुसरे चित्र रंगभूमीवरचे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६) आणि 'एकच प्याला' (१९१९) यांतून स्त्रीभूमिकांत उभे राहिले, आणि त्यांच्या साड्यांचे काठ, पदर घेण्याची लकब, अंबाडा आणि दागिने पाहायला पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका येऊ लागल्या. घरी जाऊन त्या तसेच नेसत. त्यांच्या शालू-पैठण्या अस्सल असत, जरी खरी असे. कंपनीला कर्ज होण्यामागे जी कारणे झाली त्यांत हा थाटही होता. आज आपण 'खास मराठमोळे' म्हणून जे रूप मिरवतो, त्याला घाट देण्यात एका पुरुषाचा एवढा मोठा वाटा आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मला स्वतःला ते विसरू नये असे वाटते. त्यात कमीपणा तर नाहीच, उलट गंमत आहे.

तिसरे चित्र पडद्यावरचे. कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैय्या यांनी १९६६ च्या 'आम्रपाली'साठी अजिंठ्याच्या भिंती अभ्यासून कपडे केले, आणि त्यानंतर हिंदी सिनेमात 'प्राचीन भारत' दाखवायचा तर तो तसाच दिसू लागला. 'गांधी'साठी त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले ते मात्र अगदी उलट कारणाने: तेथे त्यांनी साधेपणा उभा केला होता. आपल्या लेखी मात्र आम्रपाली लक्षात राहते. मग रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) घराघरात वाचली गेली, तिच्यावर दूरदर्शनची मालिका झाली, आणि रमा-माधवाची शनिवारवाड्यातली जोडी लग्नाच्या फोटोंना आदर्श होऊन बसली. नव्वदीच्या अखेरीस डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. तिचे लोण गावोगाव गेले आणि नऊवारी नेसून बुलेटवर बसलेली मुलगी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' प्रदर्शित झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतील का, यावर पुण्यात पुष्कळ कागद खर्ची पडला. शिंप्यांनी वाद घातला नाही. त्यांनी पाटीवर एक नाव वाढवले.

त्या नावाचे मला विशेष वाटते ते भूगोलामुळे. पारगाव नावाची गावे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांपैकी आंबेगावातले, भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे पारगाव घेतले, तर तेथून पाबळ एका दुपारीत जाऊन येण्याइतके जवळ. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे बाजीरावाने मस्तानीला इनाम दिली होती. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला गेला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच वर्षी मस्तानीही गेली. पाबळला तिची साधी कबर आहे. 'शाही मस्तानी' शिवून घेणाऱ्या किती मुली तेथे गेल्या असतील, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ताजमहालाचे चित्र असलेल्या डब्यातून मिठाई खाणारे सगळे आग्र्याला थोडेच जातात!

पण ही मस्तानी नेसत काय होती? ती बुंदेलखंडातून आली. बंगशाविरुद्ध बाजीरावाने छत्रसालाला मदत केली ती १७२९ मध्ये. त्यानंतरची ही गोष्ट. त्या काळच्या उत्तरेकडील दरबारी स्त्रीचा वेश म्हणजे पुढे उघडणारा, छातीखाली चुण्यांचा घेर असलेला पेशवाज, खाली चुडीदार आणि वर ओढणी. पुण्यात आल्यावर ती इकडच्या बायकांसारखी राहू-नेसू लागली, असेही लिहिले गेले आहे. दोन्ही खरे असेल. परंतु तिच्या नावाने आज जी साडी शिवली जाते, पायघोळ निऱ्यांची, मोठ्या घेराची, चालताना जमिनीवर लोळणारी, ती ना बुंदेलखंडाची ना शनिवारवाड्याची. तिला जन्म दिला तो सिनेमाच्या पडद्याने आणि लग्नाच्या व्हिडिओने. खरे म्हणजे ती एक झगाच आहे; नऊवारीचा काष्टा लावलेला मराठी गाऊन. हार्टनेलला दाखवली असती तर त्याने ती लगेच ओळखली असती.

इतिहास कपड्यांच्या बाबतीत फार कंजूष असतो. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे राजे आणि राणी नागनिका यांचे पुतळे कोरलेले होते. वर नावे आहेत. पुतळे गेले. दोन हजार वर्षांपूर्वी जिने यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब दगडावर कोरून घेतला, ती राणी काय नेसत होती हे सांगायला तेथे काही उरलेले नाही. मग पोकळ जागा कल्पनेने भरावी लागते. त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती जेथे जागा पोकळ नाही, जेथे माणूस अजून समोर बसलेला आहे, तेथेही आपण चित्रच पाहतो याबद्दल.

पारगावच्या बाजूला आजही ऐंशीच्या घरातल्या काही आज्या रोज लुगडे नेसतात. उसाचे क्षेत्र वाढले, कारखाना आला, बंगले झाले, नाती अभियांत्रिकीला गेल्या. या बायकांनी नेसणे बदलले नाही. गेल्या वैशाखात तिकडच्या एका हळदीच्या कार्यक्रमात अशाच एका आजींच्या शेजारी बसण्याचा योग आला. समोर त्यांच्या नाती शिवलेल्या नऊवाऱ्यांत, हिरव्या-पिवळ्या, एकसारख्या. आजींनी एकीचा काष्टा हाताने चाचपून पाहिला. "हे शिवल्यालं हाय व्हय? मंग ह्यात नेसायचं काय ऱ्हायलं गं बाय?" नात हसली. म्हणाली, "आजी, सुटत नाही म्हणून." आजी म्हणाल्या, "साठ वर्सं ऊस खुरपला, माझं न्हाय सुटलं कधी." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरेच नवल वाटत होते.

त्या नवलात सगळे आले. लुगडे नेसणे ही विद्या आहे. आत परकर नाही, नाडी नाही, टाचणी नाही. कापडाच्याच टोकांची कमरेला गाठ. त्या एका गाठीवर आठ मीटरहून जास्त कापड दिवसभर राहते. मग पदराचे माप काढायचे, उरलेल्याच्या पुढे निऱ्या घालायच्या, निऱ्यांचा खालचा मधला काठ दोन पायांमधून मागे नेऊन खोचायचा, की झाला काष्टा. पुढे कमरेशी उरलेला घोळ वर ओढून खोचला की ओचा. त्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा येत, मेथीची जुडी येत असे, आणि कनवटीला पैसे. भाताच्या खाचरात उभे राहायचे तर तेच लुगडे गुडघ्यापर्यंत वर घ्यायचे, देवळात जायचे तर घोट्यापर्यंत सोडायचे, थंडीत पदर डोक्यावरून घेऊन अंगभर लपेटायचा. एकच कापड, आणि बाई कोणती, काम कोणते, वेळ कोणती, यावरून त्याचे माप रोज नव्याने ठरायचे. शिवलेल्या साडीत हे माप शिंपी एकदाच ठरवतो. हल्ली काही शिलाईवाल्या तिच्यात मोबाइलसाठी खिसा शिवून देतात. कनवट गेली, खिसा आला. गरज तीच आहे, बाई ती राहिली नाही.

आणि हे लुगडे झिजले की त्याला म्हणत जुनेर. जुन्नरचे नाव जीर्णनगरावरून आले असे म्हणतात; तेव्हा जुनेर हा शब्द या मातीत दुप्पट शोभतो. जुनेर घरात नेसायचे, त्याहून जुने झाले की बाळंतिणीला, बाळाच्या दुपट्याला, झोळीला, आणि शेवटी गोधडीत. फाटेपर्यंत कापडाला सुट्टी नसे. या वस्त्राची पेशवाई आवृत्ती निघू शकते, जुनेर आवृत्ती निघू शकत नाही. भाड्याने दिलेल्या साडीला म्हातारपण येऊ देत नाहीत.

लुगडे सुटले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. या भागातल्या पुरुषांचे अर्धे आयुष्य मुंबईत गेले. गिरण्यांत, गोद्यांत, बाजारांत, डब्यांच्या धंद्यात. त्यांच्यामागे काही बायका गेल्या आणि परत आल्या त्या गोल साडीत. सुरुवातीला गावाने नावे ठेवली. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यानेही गोल पातळाला नावे ठेवलीच होती. काष्टा सोडणे म्हणजे धर्म सोडणे, इथवर मजल गेली होती. मग हळूहळू काष्टा हीच लाजण्याची गोष्ट झाली. शाळेच्या मेळाव्याला लुगड्यातली आई नको, अशी वेळ आली. माझ्या पिढीने ती पाहिली आहे. त्याच काष्ट्याला आता 'पारंपरिक लूक' म्हणतात आणि तो भाड्याने आणतात. ज्या वस्त्राची आईच्या अंगावर लाज वाटली तेच मुलीच्या अंगावर मिरवायचे, फक्त मधून शेत काढून टाकायचे आणि वाडा घालायचा!

येथे पाटीवरची नावे पुन्हा वाचली पाहिजेत. ब्राह्मणी, पेशवाई, लावणी, कोळी. नेसण्यावरून जात ओळखू यावी, अशी एके काळी व्यवस्थाच होती. कोणी पदर कोणत्या खांद्यावरून घ्यावा, लुगडे पायांवर किती उतरावे, कोणता दागिना घालावा आणि कोणता घालू नये, हे ठरलेले होते, आणि ते मोडणाऱ्या बाईला गाव सोडत नसे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभेला आलेल्या बायकांना जे सांगितले त्यात कपड्यांचा विषय मोठा होता. गुडघ्याशी आलेले आखूड लुगडे आणि अंगावरचे जड, जातीची खूण सांगणारे दागिने टाका, उच्चवर्णीय बायका नेसतात तसे पायघोळ नेसा, असा तो उपदेश होता. बायकांनी तेथल्या तेथे नेसण्याची रीत बदलली. ज्यांना 'ब्राह्मणी नऊवारी' ही निव्वळ एक फॅशन वाटते त्यांनी हे आठवावे. शंभर वर्षांपूर्वी ते नेसणे हा एक लढा होता. आज पारगावची कोणत्याही घरातली मुलगी दुकानात जाते आणि त्या पाटीवरचे हवे ते नाव उचलते, याचा मला तरी मनापासून आनंद होतो. ही गोष्ट इतिहासाला धरून नाही, म्हणूनच ती चांगली आहे. खऱ्या पेशवाईत तिला हे मिळाले नसते.

मात्र 'लावणी' हे नाव वाचताना मन तितके स्वस्थ राहत नाही. नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येऊन जत्रांची सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही कलावतीण २००२ मध्ये गेली ती विपन्नावस्थेत. आज तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. घोट्यापर्यंत घट्ट नेसलेले ते जरीचे लुगडे, कमरेला पट्टा, पायांत पाच-पाच किलोंची चाळ, हा वेश त्या बायकांचा कामाचा वेश होता, आणि त्यासाठी त्यांनी समाजाचे काय काय ऐकून घेतले ते येथे लिहीत नाही. २०१० चा 'नटरंग' आला आणि तो वेश शाळांच्या स्नेहसंमेलनात पोहोचला. पोहोचू दे. पण तमाशातली बाई आपल्या आळीत घर मागायला आली तर आपण काय करतो? तिचा वेश आपल्या मुलीला चालतो आणि तिची मुलगी आपल्या शाळेत चालत नाही, हे जोवर खरे आहे तोवर ते नाव पाटीवर वाचताना जरा खाली पाहावे लागते.

आता शिवण्याबद्दल. नऊवारीला कात्री लावली म्हणून हळहळणारे लोक मला भेटतात. त्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या पणज्यांच्या पैठण्या आणि शालू गेले कोठे? बहुतेक जळले. खऱ्या जरीत चांदी असे, तिच्यावर सोन्याचा मुलामा असे. साडी विरली की ती वजनावर घेणारे दारात येत आणि कापड जाळून चांदी काढून घेत. काही गेल्या बोहारणीकडे, एका पातेल्याच्या बदल्यात. आज एखादी नात आजीच्या फाटक्या पैठणीचा पदर वाचवून रिसेप्शनचा गाऊन शिवत असेल, तर तिने ती पैठणी आपल्या पूर्वजांपेक्षा अधिक सांभाळली असेच म्हणावे लागेल. काठावरचा नारळी, पदरातले मोर आणि असावलीची वेल तरी डोळ्यांसमोर राहते. शिवाय हे शिवते कोण? तालुक्यातल्या गावागावांत घरी मशीन टाकून बसलेल्या बाया. नऊवारी शिवणे हे सोपे काम नाही. कापड कोठे तोडायचे, काष्ट्याचा तिरपा कसा काढायचा, बसताना ताण येऊ नये म्हणून किती सोडायचे, हे त्यांनी कोणत्या संस्थेत न जाता बसवले आहे. त्यांच्या हातांत आता ती विद्या आहे. ती नवी आहे म्हणून हलकी नाही.

हलके आहे ते कापड. पाटीवर पेशवाई असली तरी पिशवीत पॉलिएस्टर असते. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर रंगागणिक वेगवेगळ्या कांड्या अडकवून, दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा विणतात. नक्षी मोठी असेल तर एका पैठणीला महिनेच्या महिने जातात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात मात्र चलती आहे 'सेमी पैठणी'ची, यंत्रमागावर काही तासांत निघणाऱ्या. 'नेसेन तर पैठणीच नेसेन, नाही तर नागवी बसेन' अशी आपल्याकडे म्हण आहे. सेमीने दोन्ही पर्याय टाळले. २००४ पासून दूरचित्रवाणीवरच्या 'होम मिनिस्टर'ने पैठणीला बक्षीस केले, आणि तेव्हापासून 'खेळ पैठणीचा' झाल्याशिवाय गावची निवडणूकही पार पडत नाही. त्या खेळांत वाटल्या गेलेल्या पैठण्यांपैकी विणकराच्या हातून किती गेल्या, हे ज्याचे त्याने पदर उलटा करून पाहावे. उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर उत्तर मिळाले.

कापडाचा प्रश्न या तालुक्यात कोणी नव्याने काढायला नको. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे जो आडवा झाला आणि ज्याच्या अंगावरून तो ट्रक नेला गेला, तो बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचे नाव आहे, आणि ज्या उसावर इकडची लग्ने होतात तो त्याच पाण्यावर वाढतो. लग्नाच्या बस्त्यात दहा साड्या घेण्याऐवजी हातमागाची एक घ्यावी, एवढी साधी गोष्ट जरी त्या नावाखातर कोणी केली, तरी पुष्कळ झाले. पेशवाई आणण्यापेक्षा ते सोपे आहे, आणि स्वस्तही.

राहता राहिले नेसणे. साडी पुन्हा विकत मिळेल, जरी मिळेल, नक्षी तर संगणकावर काढून मिळते. ती गाठ मात्र मिळणार नाही. ती लिहून ठेवण्यासारखी नाही; बोटांना ठाऊक असते, तोंडाला सांगता येत नाही. आजींना विचारले, "कसे नेसता?" तर त्या म्हणतात, "असंच." मग उठून नेसून दाखवतात, आणि आपण पाहतो न पाहतो तोवर काष्टा मागे खोचलेला असतो. भातशेतीकडची बाई, उसाच्या पट्ट्यातली बाई, माळ्याची, कोळ्याची, ठाकराची, प्रत्येकीची गाठ वेगळी, निऱ्यांची दिशा वेगळी. पाटीवरच्या सहा नावांत त्यांतले एकही बसत नाही. या बायका आणखी किती वर्षे असणार, हा हिशेब करवत नाही.

तेव्हा येत्या संक्रांतीला पारगावात, दोन्ही तालुक्यांतल्या, हळदीकुंकवाचा कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी एक करून पाहावे. संगीतखुर्ची आणि उखाणे होतच असतात. एक साधे सुती नऊवारी लुगडे सतरंजीवर ठेवावे. आजीने नातीला नेसवायचे, मग नातीने ते सोडून स्वतः नेसायचे, आणि नेसून अंगणात दहा वेळा उठाबशा काढून दाखवायच्या. टाचणी लावली की बाद. शाळेतल्या एखाद्या पोराने मोबाइलवर सगळे उतरवून घ्यावे, प्रत्येक आजीचे गाव आणि तिने गाठीला दिलेले नाव यांसकट. बक्षीस म्हणून सेमी पैठणी ठेवली तरी माझी हरकत नाही.